गोल्फचे मैदान आणि निस्ताराची जमीन : सामायिक भूमीच्या इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना

गोल्फ या खेळाचा उल्लेख होताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर कुंपणाआडची हिरवळ, मोजके सभासद आणि फाटकावरचा पहारेकरी असे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते या खेळाचे मूळ चित्रही नव्हे. गोल्फ ज्या भूमीवर वाढला ती भूमी सामायिक होती. भारतात मात्र तो क्लबाचा खेळ म्हणून रुजला. प्रस्तुत निबंधात स्कॉटलंडमधील मूळ मैदान, महाराष्ट्रातील गोल्फ क्लब आणि नवेगाव बांध परिसरातील निस्ताराची परंपरा यांचा एकत्रित विचार केला आहे. या तिन्हींना जोडणारा प्रश्न एकच आहे : एका उपयोगासाठी राखलेल्या जमिनीवर इतरांचा हक्क किती उरतो?

मूळ मैदानाचे स्वरूप

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील मैदान म्हणजे समुद्रकाठची, शेतीस फारशी उपयोगी नसलेली वाळूची जमीन. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपांना मिळाली. पण त्याच सनदेने गोल्फ, फुटबॉल, तिरंदाजी आदी खेळ खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. हा हक्क पुढे सहजासहजी टिकला नाही. १७९७ साली कर्जबाजारी नगरपालिकेच्या हातून ही जमीन गेली आणि सशांचा व्यापार करणारे व गोल्फ खेळणारे यांच्यात दीर्घकाळ खटले चालले. १८२१ मध्ये एका स्थानिक जमीनदाराने ती विकत घेतली आणि १८९४ मध्ये ती पुन्हा नगराच्या मालकीची झाली. आज १९७४ पासूनचा एक विश्वस्त मंडळ तिची व्यवस्था पाहतो. तेथील सर्वांत जुने मैदान सामान्यतः रविवारी खेळासाठी बंद असते आणि नागरिक त्यावर मोकळेपणाने फिरतात. जगातील नामांकित क्लब या मैदानावर खेळतो, पण मैदान क्लबाचे नाही, ही बाब लक्षणीय आहे.

क्लबाच्या रूपातील आगमन

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात स्थापन झाला. मुंबईचा क्लब १८४२ चा. वसाहतीच्या काळात क्लब हे केवळ करमणुकीचे स्थान नव्हते. राज्यकर्ता आणि प्रजा यांतील अंतर दाखविणारी ती संस्था होती. मोकळ्या मैदानावरही हे अंतर जाणवे. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर युरोपीयांच्या पोलोच्या घोड्यांनी पारशी व इतर भारतीय तरुणांची क्रिकेटची जागा उखडली, तेव्हा १८८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या संघर्षाची हकीगत दिली आहे.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास, त्यांच्या नावाचा क्रीडा क्लब युरोपीय व भारतीय अशा दोहोंसाठी उघडला. चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्यास गोल्फचे मैदान झाले. वर्णाचा अडसर हळूहळू सैल झाला. सभासदत्वाचा अडसर मात्र कायम राहिला. कुंपणाच्या आत सामान्य माणूस शिरला तो मुख्यतः श्रमिक म्हणून : कॅडी म्हणून किंवा हिरवळीची निगा राखणारा म्हणून. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर कॅडींमधून पुढे आले. २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकणारे शिवशंकर प्रसाद चौरसिया हे कलकत्त्याच्या क्लबात हिरवळीची निगा राखणाऱ्याचे पुत्र होत. या यशोगाथा स्पृहणीय आहेत. पण त्या अपवाद आहेत, हेही विसरता येत नाही.

पुढे जपानमध्ये १९८० च्या दशकात क्लबाच्या सभासदत्वाची शेअरप्रमाणे खरेदी-विक्री होऊ लागली. आग्नेय आशियात मैदानांसाठी लागणारी जमीन, पाणी व कीटकनाशके यांवरून असंतोष वाढला आणि १९९३ मध्ये गोल्फविरोधी जागतिक चळवळ उभी राहिली. या चळवळीचा रोख खेळापेक्षा त्याच्या कुंपणावर व पाणीवापरावर अधिक होता.

मैदान परत मिळण्याची उदाहरणे

नाशिकचे ‘गोल्फ क्लब मैदान’ याच नावाने दीर्घकाळ ओळखले गेले. आज त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध केल्याबद्दल कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. राज्यकर्त्यांच्या खेळाचे नाव असलेल्या जागेला त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्याचे नाव मिळाले. आज तेथे क्रिकेट खेळले जाते, सभा भरतात, नागरिक फिरायला येतात. खारघर येथे सिडकोने २०१२ मध्ये सुरू केलेले मैदान शुल्क भरून कोणासही खेळता येईल अशा कल्पनेवर उभे आहे. पहिल्या उदाहरणात मैदान लोकांचे झाले व खेळ गेला. दुसऱ्यात खेळ राहिला, पण प्रवेशाची अट शुल्काची झाली.

नवेगाव बांधची परंपरा

नवेगाव बांध येथे गोल्फचे मैदान नाही. मात्र सामायिक उपयोगाची दीर्घ परंपरा आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मध्ये बांध घालून हा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या तलावबांधणीमुळे भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांना तलावांचा प्रदेश म्हणतात. अशा तलावाचा उपयोग एकट्याचा नसे. धानाला पाणी मिळे, ढिवरांना मासे, गुरांना पाणी आणि पाणी ओसरल्यावर गाळपेरीची जमीन. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक (कलम १६१) व वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) यांची तरतूद झाली. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान व डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर संरक्षण व पर्यटन हे नवे उपयोग आले. जुन्या हक्कांशी त्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न येथे आजही प्रत्यक्ष आहे.

निष्कर्ष

सेंट अँड्र्यूजची सनद आणि निस्तारपत्रक यांत काळ, भूगोल व संस्कृतीचे मोठे अंतर आहे. तरीही दोहोंमागील विचार समान आहे. जमीन कोणाचीही असो, तिच्यावरील वहिवाटीचे हक्क लेखी नोंदलेले असावेत. भारतात गोल्फ आला तो काठी, चेंडू व नियमांसह. त्याच्या मूळ भूमीतील सामायिक हक्क मात्र आला नाही. म्हणून पर्यटनासाठी एखादी जागा राखताना तेथील गुराखी, मासेमार व गाळपेर करणारा यांचे हक्क आधी नोंदले जाणे अगत्याचे ठरते. ज्या मैदानाचे हक्क नोंदले गेले ते शेकडो वर्षांनंतरही लोकांचे राहिले. ज्यांचे नोंदले गेले नाहीत ती कुंपणाआड गेली, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.