आरोयो दोस मोलिनोसचा छापा

गाफील शत्रूवर अवचित घाला घालण्याच्या प्रकारास आपल्या प्राचीन ग्रंथांतही स्वतंत्र स्थान आहे. महाभारतांत त्यासाठीं एक सबंध सौप्तिक पर्व खर्चीं पडलें आहे, व कौटिल्यानें प्रकाशयुद्धाहून निराळें असें कूटयुद्ध वर्णिलें आहे. छापा साधला म्हणजे इतिहासकार दोन कारणें पुढें करितात: एका पक्षाचें धाडस व दुसऱ्याची बेफिकिरी. या दोहोंखेरीज एक तिसरें कारण असतें व पुष्कळदां तेंच निर्णायक ठरतें, असें आमचें मत आहे. स्पेनमधील एका प्रसंगावरून तें दाखविण्याचा येथें विचार आहे.

इ. स. १८११ च्या ऑक्टोबरांत फ्रेंच सेनापति जिरार हा एस्त्रेमादुरा प्रांतांत कासेरेसच्या बाजूस खंडणी वसूल करीत फिरत होता. पोर्तुगालच्या सरहद्दीवर त्या वेळीं वेलिंग्टन, म्हणजे १८०३ सालीं असईच्या लढाईमुळें आपल्या परिचयाचा झालेला आर्थर वेलस्ली, इंग्रज-पोर्तुगीज फौजांचा मुख्य होता. त्याच्या हाताखालील सेनापति रोलंड हिल हा सुमारें दहा हजार लोकांनिशीं २२ तारखेस पोर्तालेग्रेहून निघाला; स्पॅनिश फौजही त्यास मिळाली. २७ तारखेच्या सायंकाळीं तो आल्कुएस्कार येथें पोंचला. तेथून अवघ्या दीडदोन कोसांवर, मोंतांचेसच्या डोंगराच्या पायथ्याशीं, आरोयो दोस मोलिनोस या खेड्यांत जिरारचा मुक्काम होता. पाऊस व वारा यांनीं लोक गारठले असतांही हिलनें शेकोट्या पेटवूं दिल्या नाहींत.

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास कूच झालें. त्याच पहांटे जिरारही तळ हलविणार होता. त्याची एक ब्रिगेड, रेमोंच्या हुकमतीखालची, अंधार असतांच मेरिदाच्या वाटेस लागली होती. मागें दुसरी ब्रिगेड व कांहीं घोडदळ एवढेंच उरलें, आणि तें निघण्याच्या गडबडींत असतांना धुक्यांतून शत्रु प्रकट झाला. ७१ व ९२ क्रमांकाच्या स्कॉट पलटणी सरळ गांवांत शिरल्या. दुसऱ्या भागानें वळसा घालून पलीकडील वाटा अडविल्या. घोडदळ मध्यें राहिलें. पुढें शत्रु व पाठीशीं उभा डोंगर अशा कोंडींत ब्रिगेड सांपडली. सुमारें तेराशें लोक कैद झाले. घोडदळाचा सेनापति ब्रों व आरेनबेर्गचा राजपुत्र हेही त्यांत होते. फ्रेंचांच्या ३४ क्रमांकाच्या पलटणीचे नगारे इंग्रजांच्या ३४ क्रमांकाच्याच पलटणीच्या हातीं पडले, हा योगायोग त्या पलटणीनें पुढें अभिमानानें मिरविला. जिरार कांहीं शेंकडा लोकांसह डोंगर चढून निसटला. हिलकडील नुकसान अल्प होतें.

हिलची शिस्त व पावसाचें साह्य हीं आम्ही नाकारीत नाहीं. जिरारचे पहारे ढिले होते हेंही खरें. परंतु दहा हजारांची फौज, घोडे व तोफा यांसह, रात्रभर दोन कोसांवर राहिली असतां तिची वर्दी फ्रेंच गोटांत पोंचूं नये, याचा उलगडा पावसानें होत नाहीं. आल्कुएस्कारच्या रहिवाशांस हिलचा तळ दिसत होता. त्यांपैकीं कोणी तोंड उघडलें नाहीं. ज्या प्रांतांतून जिरार धान्य व पैसा ओढीत होता, त्या प्रांतानें आपली बातमी मात्र त्यास दिली नाहीं. खंडणी धाकानें मिळते, बातमी धाकानें मिळत नाहीं.

जिरार नादान होता असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. या प्रसंगानें बदनाम होऊनही तो पुढें नेपोलियनच्या मोहिमांत लढला व लिग्नीच्या रणांत जबर जखमी होऊन १८१५ च्या जूनमध्यें मरण पावला. तत्पूर्वीं, २७ ऑगस्ट १८१३ रोजीं, हागेलबेर्ग येथें त्याची एकाकी पडलेली डिव्हिजन पुन्हां अशीच उधळली गेली. तेथें त्याजवर चालून आले त्यांत भरती केलेले शेतकरी होते. सेनापति तोच, देश निराळा. समान होता तो देशवासीयांचा रोष. एकाकी ब्रिगेड ही केवळ आपल्या सैन्यापासून तुटलेली नसते. ज्या भूमीवर ती उभी असते तिच्यापासूनही ती तुटलेली असते. छाप्यांच्या कथा वाचतांना गोटाबाहेरील पहाऱ्याबरोबरच गांवांतील मौनाचीही दखल अभ्यासकांनीं घ्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.