न्याय पहिल्याच कागदावर हरवतो

‘फुकटचा वकील’ हा शब्द आपल्याकडे आजही तुच्छतेने उच्चारला जातो. आपला इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि सहकाऱ्यांवर चवदार तळ्याचा दावा लावला. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना बंदी ही पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नऊ वर्षांहून अधिक काळ हा लढा चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने दावा फेटाळला, कारण तळे नगरपालिकेचे होते आणि वहिवाट सिद्ध झाली नव्हती. सत्याग्रहाने मिळवलेला हक्क कागदाने टिकवला.

आता आपल्या भागाकडे या. 1999 पर्यंत सडक अर्जुनी भंडारा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानेही जातीय हेतू मान्य केला नाही. जात आपल्याला दिसते. कोर्टाला ती फिर्यादीत, जबाबात, पंचनाम्यात दिसावी लागते. तिथे ती सुटली की पुढे मोठा वकीलही हतबल होतो.

म्हणूनच कायद्याचे विद्यार्थी महत्त्वाचे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य केंद्र हवे आणि ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवावे. विद्यार्थी कोर्टात वकिली करू शकत नाही. पण तो माणसाचे नीट ऐकून घेऊ शकतो, तारखा लावू शकतो, अर्ज लिहून प्राध्यापकाकडून तपासून घेऊ शकतो, तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत जाऊ शकतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 15अ पीडिताला सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क देते. ही भीक नव्हे, हक्क आहे.

एक दिवसाचे शिबिर, बॅनर आणि फोटो यांनी हे होणार नाही. ठरलेला वार, नोंदवही, तपासणाऱ्या प्राध्यापकाची सही आणि निकालापर्यंत पाठपुरावा हवा. देखरेख नसेल तर गरिबाचा खटला विद्यार्थ्याच्या सरावाचे साधन होईल.

कायदा शिकणाऱ्या मित्रांनो, आपल्या महाविद्यालयात विचारा: आपले केंद्र तालुक्याच्या गावी कधी येणार?

जय भीम!