१९० गुणांनी जिंकलेला संघ पुढे कुठे गेला?

२८ जुलै १९७९. मेलबर्नच्या उपनगरातील व्हीएफएल पार्कवर ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्हीएफएल लीगमधील दोन जुने संघ समोरासमोर आले. दोघेही १८९७च्या पहिल्या हंगामापासून खेळत होते. या खेळात गोलला ६ गुण आणि थोडक्यात हुकलेल्या नेमाला, म्हणजे ‘बिहाइंड’ला, १ गुण मिळतो. फिट्झरॉयने ३६ गोल व २२ बिहाइंडसह २३८ गुण मिळवले. मेलबर्न क्लबला अवघे ४८. १९० गुणांचे हे अंतर लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठे ठरले.

परंतु या पराक्रमाने फिट्झरॉय तरला नाही. कर्जात बुडालेला हा संघ १९९६च्या हंगामानंतर ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला. त्या दिवशी धुळीस मिळालेल्या मेलबर्नने मात्र २०२१ साली विजेतेपद पटकावले.