शब्दवेध : न थांबणारा ‘रन’

इंग्रजीत नाक ‘रन’ होते, नदी होते, कपड्याचा रंगही होतो. मराठीत नाक गळते, नदी वाहते आणि रंग जातो. पळण्याशी यांचा काय संबंध? संबंध जुना आहे. ‘रन’चा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ म्हणजे ओघळणे, वाहणे. प्रवाहीपणा या घराण्यातच आहे.

ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशात 1989 च्या आवृत्तीपर्यंत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. पुढे सुधारित आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर ‘रन’ घेऊन बसले आणि नऊ महिने त्यातून उठले नाहीत! क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. यंत्रांनी, कारखान्यांनी आणि नंतर संगणकांनी त्यात भर घातली होती.

निवडणुकीत मात्र गंमत आहे. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’. या बाबतीत मराठी माणूस ब्रिटिशांच्या बाजूचा. आपला उमेदवार उभाच राहतो.

मराठीने ‘रन’ घेतला तो निवडून. क्रिकेटमध्ये ‘धाव’ छापली जाते, गल्लीत पोरे ‘रन’च काढतात. आणि ओट्याखालच्या कपाटांचा भाव सुतार ‘रनिंग फुटा’वर सांगतो.