हबसाण

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा देश म्हटला कीं आपण नकाशावर तांबड्या समुद्राकडे बोट नेतों. वर्गांत मींही तेंच करीत असें. परंतु आपल्या कोंकणांत, मुरुडजवळ, हबशांचें एक छोटें राज्य होतें. ॲबिसिनियाला अरबी लोक हबश म्हणत. त्यावरून आपल्या जुन्या कागदांत या मुलखाला ‘हबसाण’ म्हटलें आहे.

त्या राज्याचा प्राण म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या तोंडचा एक खडक. अरबींतल्या ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दाचा आपण जंजिरा केला. भोंवतीं खारें पाणी, पण तटाच्या आंत गोड्या पाण्याचीं तळीं. म्हणून वेढ्यांतही शिबंदी तहानेनें शरण येत नसे. पावसाळा लागला कीं वेढा घालणाऱ्याचीं गलबतेंच आसरा शोधीत. १६८२ सालीं संभाजी महाराजांनीं बेटापर्यंत सेतु बांधावयास घेतला. परंतु मोगल फौज कल्याणकडे आल्यानें त्यांना परतावें लागलें. १७३६ सालीं चिमाजीअप्पांच्या लढाईंत सिद्दी सात पडला, तरी जंजिरा राहिलाच.

सिद्द्यांनीं मोगलांची चाकरी पत्करून कोंकणच्या रयतेला फार छळलें, हें खरें. मुलांना मीं एवढेंच शिकविलें, याचें आतां वाईट वाटतें. कारण हे लोक जेते म्हणून आले नव्हते. त्यांच्यापैकीं पुष्कळांना लहानपणींच मायदेशीं विकलें होतें. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ते दख्खनच्या दरबारीं पोंचले. मलिक अंबर असाच विकला गेलेला मुलगा. पुढें त्यानें निजामशाही सांवरली, आणि १६२५ सालीं आपला सोलापूरचा किल्लाही घेतला. जंजिऱ्याची रीत तर विलक्षणच. मुख्य वारला म्हणजे त्याचा पुत्रच गादीवर येई असें नाहीं. आरमारांतला ज्येष्ठ हबशी अधिकारी त्याची जागा घेई. ज्यांना आपलें घराणें सांगतां येत नव्हतें, त्यांनीं कर्तबगारीलाच वारस मानावें, यांत मला नवल वाटत नाहीं. पुढें मात्र तेथेंही वंशपरंपरा आली आणि भाऊबंदकीही आली.

१९४८ सालीं हें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. किल्ल्यांत आतां वस्ती नाहीं. राजपुरीहून शिडाच्या होडीनें तेथें जातां येतें. तळीं अजून आहेत.