पाटी, अजिंठा आणि पडद्यावरचा ब्रश (थ्रेड)

१/ जळगावपासून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. १८७२ साली जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन तेथे आले. भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम थांबत-थांबत १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतलेच. लंडनला पाठवलेल्या कित्येक प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या.

२/ आपल्या शाळेतील चित्रकलेचा तास याच घराण्यातला. नमुना समोर ठेवावा, तंतोतंत उतरवावा. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रातही तीच शिस्त. तिने हात घडतो, हे मान्यच. परंतु ड्रॉइंगचा कागद विकतचा, बहुधा एकच. तो बिघडेल या धास्तीने मूल रेघ चोरून ओढते. पाटीवर मात्र ते बिनधास्त असते, कारण तेथे ओले फडके हाताशी असते.

३/ संगणकावरील ‘अनडू’ म्हणजे तेच फडके. १९८४ च्या मॅकपेंटमध्ये ते होते. पण तो कार्यक्रम मोठ्यांसाठी रचलेला. क्रेग हिकमन यांचा तीन वर्षांचा मुलगा त्यातील मेनूंत आणि खिडक्यांत अडकत असे. त्याच्यासाठी बापाने ‘किड पिक्स’ लिहिला, १९८९ मध्ये तो फुकट वाटला. (यातील खोडरबर चित्र सुरुंगाने उडवी! मुलांना सर्वांत प्रिय तोच.) २००२ मध्ये बिल केंड्रिक यांचा मुक्त ‘टक्स पेंट’ आला. तो चित्र जतन करताना फाइलचे नावसुद्धा विचारत नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी ही केवढी सवलत!

४/ धोका आहे तो तयार शिक्क्यांत. एक टिचकी, आणि पडद्यावर बैल उभा. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्याला नक्कल करतानाही प्रत्येक वळण हाताने गिरवावे लागे. येथे तेवढेही कष्ट नाहीत. शिवाय तो बैल बव्हंशी परका. पोळ्याला शिंगे रंगवलेला, झूल पांघरलेला आपल्या गावचा नव्हे.

५/ २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ करण्याची मोहीम उभी राहिली. गावाने शाळेसाठी खिशात हात घातला, ही गोष्ट लहान नाही. मात्र डिजिटल वर्ग म्हणजे प्रोजेक्टर, असेच समीकरण अनेक ठिकाणी रूढ झाले. त्यात मूल प्रेक्षक होते. माऊस गुरुजींच्याच हाती.

६/ वर्गात एकच संगणक असला तरी चालेल. पोळ्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येकाने पाहिलेला बैल आधी पाटीवर काढावा, मग पाळीपाळीने पडद्यावर. टक्स पेंटच्या सेटिंगमध्ये शिक्के बंद करता येतात. ते तेवढे आधी बंद करावेत.