एकोणिसावा क्रमांक

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी मालवणहून आचऱ्याच्या वाटेने जाताना तोंडवलीस उतरले असतील त्यांना तेथील किनारा ठाऊक असेलच. एका अंगास खुला समुद्र, दुसऱ्या अंगास नदीचे पात्र आणि तळाशीलकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. सुकतीला पाणी मागे हटले की ओली वाळू इतकी घट्ट होते की तिच्यावर सायकलसुद्धा चालते. शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आम्ही मुलांना पळण्याच्या सरावासाठी तेथे नेतो. माझा विषय इतिहास, खेळ नव्हे. पण लहान शाळेत मास्तराला सर्व काही करावे लागते हे आपण जाणताच.

तेथे उभा असताना एका मुलाने मला विचारले, "सर, पळण्याचो इतिहास आसता काय?" राजांचा असतो, लढायांचा असतो, मग पळणाऱ्यांचा का नसावा? मी त्यास लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पुढे काही महिने फावल्या वेळात जे वाचले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे पळणे हा खेळ होण्याआधी चाकरी होती. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ साली सिंधमार्गे हिंदुस्थानात आला, दिल्लीत काझी झाला, आणि पुढे याच कोकणपट्टीवरून जलमार्गाने दक्षिणेकडे गेला. सुलतान महंमद तुघलकाच्या काळातील पायी टपालाचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. एका मैलात तीन चौक्या असत. प्रत्येक चौकीत माणसे कंबर कसून बसलेली असत. पळणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी असे. काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा बांधलेल्या असत. त्यांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीतला माणूस उठून तयार होई, आणि पत्र हाती येताच पळत सुटे. हे पायी टपाल घोडेस्वारांच्या टपालापेक्षाही जलद जाई असे तो सांगतो. खुरासानची ताजी फळे सुलतानाकडे अशीच पोहोचत, आणि सुलतान दौलताबादेस असताना चाळीस दिवसांच्या वाटेवरून गंगेचे पाणी असेच त्याच्याकडे येई. या मंडळींपैकी एकाचेही नाव इतिहासाने राखले नाही. पण प्रत्येकाला आपल्यापुढे कोणीतरी कान देऊन बसला आहे हे माहीत होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

मराठेशाहीतील पत्रव्यवहार चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. महत्त्वाचे पत्र घेऊन "जासूद जोडी" रवाना केल्याचा उल्लेख तेथे वारंवार येतो. एक जासूद नव्हे, जोडी! एकाच्या पायात काटा मोडला, एकास ताप भरला, वाटेत चोर भेटले, तरी पत्र अडू नये हा त्यातील व्यवहार. परंतु रात्रीच्या वेळी घाट उतरणाऱ्या त्या दोन माणसांची मनःस्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणा. आपल्या मालवणी बोलीत सोबत्याला "वांगडी" म्हणतात. तो शब्द मला येथे अगदी योग्य वाटतो. पुढे इंग्रजी अमलात घुंगरू बांधलेला भाला घेऊन पळणारा टपालवाला आला. तो बहुधा एकटाच असे. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबतो.

आपल्या धर्मेतिहासातही पळण्याचे प्रसंग आहेत आणि ते मुलांना फार आवडतात. हजरत सलमा इब्न अल-अकवा (र.) हे पायाने अत्यंत चपळ असे सहाबी होते. जी करदच्या मोहिमेवरून परतताना एका अन्सारी गृहस्थाने मदीनेपर्यंत शर्यतीचे आव्हान दिले. त्यांना तोवर कोणी हरविले नव्हते. सलमा पैगंबरसाहेबांच्या (स.) मागे उंटिणीवर बसले होते. त्यांनी परवानगी मागितली आणि खाली उडी मारली. सुरुवातीस एक-दोन चढ त्यांनी मुद्दाम दम राखला, मग वेग वाढवून त्या गृहस्थास गाठले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून, हरलास बरे, असे सांगितले. हा वृत्तांत सहीह मुस्लिममध्ये आहे. लढाईवरून परतणारी थकलेली माणसे, आणि त्यांतली दोघे लहान मुलांसारखी पळत सुटतात! हजरत आयेशा (र.) यांच्याशी पैगंबरसाहेबांनी दोनदा शर्यत लावली, एकदा त्या जिंकल्या व पुढे एकदा ते जिंकले, हा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी ऐकला असेल. मुलींना पळू द्यावे की नाही असा प्रश्न पालकसभेत निघतो, तेव्हा मी तो सांगतो.

आणि सई? हजरत हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधीत सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात खेपा धावल्या, त्या एकट्या धावल्या. आज त्याच वाटेवर जगातील सर्व देशांचे लोक एकत्र चालतात, आणि हिरव्या खुणांमधल्या टप्प्यात पुरुष पळतात. तेथे कोणी पहिला नाही व कोणी शेवटचा नाही.

असो. आता मूळ विषयाकडे वळतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. १९१९ सालच्या तेथील मैदानी स्पर्धांत त्यांनी जे पाहिले ते पुढे एका पत्रात त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, शेतात राबणारे, जाडेभरडे खाऊन राहणारे तरुण होते. मैदानी खेळांचे नियम आयोजकांनाही नीट ठाऊक नव्हते. शेवटची शर्यत पंचवीस मैलांच्या आसपासची होती. ती कठीण सडकेवरून ही मुले अनवाणी पळत. तरीही त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहावा असा होता. दोराबजींच्या मनात आले की यांना अँटवर्पच्या ऑलिंपिकला का पाठवू नये? यासंबंधी एक गोष्ट सांगतात. शंभर मीटरला किती वेळ लागला तर चालेल असे विचारले असता जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने, "एक-दोन मिनिटे लागत असतील," असे उत्तर दिले. तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो हे कळल्यावर ते चकित झाले. या गोष्टीला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. गेल्या वर्षापर्यंत आमच्या शाळेत हिशेब भिंतीवरच्या घड्याळावरच चालत असे.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी या कल्पनेस पाठिंबा दिला. सरकारने काही रक्कम दिली, काही वर्गणीतून जमली आणि बरीचशी दोराबजींनी स्वतःच्या खिशातून घातली. निवड झालेली नावे पाहा. बंगालचे पुर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन पैलवान. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत हे पारशी गृहस्थ, आणि टेनिसपटू डॉ. फैजी हे मुसलमान गृहस्थ. संपूर्ण हिंदुस्थानची म्हणून परदेशी गेलेली ही ऑलिंपिकची पहिली तुकडी. बंगाली, मराठी, कानडी, गुजराती अशा भाषांच्या घरांतून आलेली ही माणसे आगबोटीवर आपापसांत कशी बोलत असतील, कोण कोणास काय खाऊ घालत असेल, याचे मला राहून राहून कुतूहल वाटते.

साल १९२० होते हे विसरू नये. १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळक निवर्तले, आणि त्याच दिवशी खिलाफत व असहकाराची चळवळ सुरू झाली. देशात हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून निघाले होते. त्याच महिन्यात अँटवर्पच्या मैदानात हे सहा खेळाडू इंग्रजी साम्राज्याच्या निशाणामागून चालत गेले. निशाण बॅनर्जींच्या हाती होते. पाच कड्यांचा ऑलिंपिक ध्वज आणि खेळाडूंची शपथ या दोन्ही गोष्टी प्रथमच तेथे पाहावयास मिळाल्या. त्या निशाणाविषयी कोणाला काय वाटले असेल ते असो. परंतु एका घोळक्यात बंगाली आणि बेळगावकर हे "आम्ही" म्हणून उभे राहिले, ही गोष्ट मला निशाणापेक्षा मोठी वाटते.

मॅरेथॉन २२ ऑगस्ट रोजी झाली. हवा थंड व पावसाळी होती. अंतर नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हॅनेस कोलेहमायनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. एस्टोनियाचे युरी लॉसमन अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांनी आले. क्रमांक एकोणिसावा. दातार त्याच शर्यतीत उतरले होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

वाचकहो, येथे मी बराच वेळ थांबलो. पुस्तकांतून चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक सापडतो, दातारांपुढे मात्र केवळ एक रेघ असते. परंतु दोघे एकाच जिमखान्याच्या परंपरेतले, एकाच संघातून गेलेले. परक्या देशात, ज्या सडकेवर एकही ओळखीचा चेहरा नाही तेथे, आपल्या मागे किंवा पुढे आपलाच माणूस पळतो आहे हे दोघांनाही माहीत होते. हिमतीने अनोळखी रस्त्यावर उतरणाऱ्याच्या पायांत जे बळ येते त्यात वांगड्याचा वाटा किती, हे कोणत्या घड्याळाने मोजायचे? त्या तुकडीला पदक मिळाले नाही. शिंदे कुस्तीत चौथे आले, तोच सर्वांत जवळचा क्रमांक. पण त्या प्रवासातूनच पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. वैयक्तिक पदकासाठी मात्र १९५२ पर्यंत, खाशाबा जाधवांपर्यंत, वाट पाहावी लागली.

जोडीने पळण्याच्या दोन परदेशी गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अल्जीरियात जन्मलेले अलँ मिमून १९४८ व १९५२ मध्ये मिळून तीनदा चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांच्या मागे दुसरे आले. दोघे जिवलग मित्र होते. १९५६ साली मेलबर्नला मिमून यांनी मॅरेथॉन जिंकली, आणि ते सत्कारासाठी न जाता तेथेच उभे राहून झाटोपेकची वाट पाहू लागले. चार-साडेचार मिनिटांनी झाटोपेक सहावे आले, आजारातून नुकतेच उठलेले, अगदी थकलेले. मिमून जिंकले हे कळताच त्यांनी टोपी काढून सलाम केला व मित्राला मिठी मारली. दुसरी गोष्ट १९६० च्या रोमची. इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी आणि मोरोक्कोचे रादी बेन अब्देसलाम, हे दोघे रात्रीच्या अंधारात मशालींच्या उजेडात अर्ध्याहून अधिक वाट खांद्याला खांदा लावून पळाले. अगदी शेवटी अबेबे पुढे सरकले आणि पंचवीस सेकंदांनी जिंकले. रादी इब्न बतूताच्या देशाचे. इतका वेळ शेजारी पळूनही ते एकमेकांशी काही बोलले असतील काय? भाषा तर एक नव्हती.

आता पुन्हा तोंडवलीस येतो. आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. प्रत्येक शर्यतीत शेवटचा. शेवटी येणाऱ्याला मुले कशी हाका मारतात ते आपण जाणता. त्याने शाळा सोडून मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जाण्याचे मनाशी ठरविले होते, आणि घरचेही फारसे अडवीत नव्हते. रापणीत दोर ओढायला उभे राहिले तर प्रत्येकाला म्हावऱ्याचा वाटा मिळतो. आमच्या मैदानावर मात्र तिघांनाच. जासूद जोडीचे डोक्यात होतेच, म्हणून त्या वर्षी मी जोडीची शर्यत ठेवली. दोघांनी मिळून पळायचे आणि जोडीतला दुसरा पोहोचेल ती जोडीची वेळ. अशाने चांगल्या धावणाऱ्यांचे नुकसान होते असे एका सहकाऱ्याने बजावले. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या स्पर्धेत त्या वर्षी आमचा एकही मुलगा आला नाही.

पण झाले असे. शाळेतला सर्वांत वेगवान मुलगा आपण होऊन त्या शेवटच्या मुलाशेजारी जाऊन उभा राहिला. मी त्याला बाजूस घेऊन विचारले, अरे, तुला चांगला जोडीदार मिळाला असता. तो म्हणाला, "सर, पयलो मी दरवर्साक येतंय. ह्या वर्सा माका तेच्या वांगडा येवचा आसा." सुरूच्या बनापासून तळाशीलच्या अंगाने जाऊन परत, असा मार्ग होता. अर्ध्या वाटेत मोठा मुलगा चालू लागलेला दिसला. दुसऱ्याचा दम लागला होता. मग दोघे पुन्हा पळू लागले. सव्वीस जोड्यांत ते चौदावे आले. शेवटून पहिले नव्हे, हे त्या मुलाने मला स्वतः मोजून दाखविले, आणि नोंदवहीत दोघांची नावे एकाच ओळीत लिहिली आहेत ना, हे वाकून पाहिले.

तो दहावीपर्यंत शाळेत राहिला. दहावीत गणितात गेला, ऑक्टोबरात सुटला. आता तो बोटीवरच आहे, पण सुट्टीत आला की सुकती पाहून किनाऱ्यावर येतो आणि नव्या मुलांच्या जोड्या लावून देतो. यंदाही शर्यत डिसेंबरात ठेवण्याचा विचार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पळावयाचे असेल त्यांनी जोडीदारासह नाव कळवावे. जोडीदार नसल्यास एकट्याचे कळवावे, मिळवून देऊ.